वॅगनआरच्या टपाचं लायनिंग काढून डॅम्पिंग: घरी करावं का, आणि कसं

चिपळूणहून एका भावांनी विचारलंय की त्यांच्याकडे २०१९ ची वॅगनआर आहे, पाऊस जोरात लागला की टपावर एवढा आवाज होतो की मागच्या सीटवर बसलेली आई काय बोलते ते पुढे कळतच नाही, शिवाय हायवेला ८०-९० च्या पुढे गेलं की गाडीत घुमल्यासारखं होतं. तर टपाचं लायनिंग काढून आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारी चिकट शीट) मारली तर दोन्ही जाईल का, आणि लायनिंग घरी काढता येईल का दुकानातच द्यावं. मी कोल्हापुरात सीट, लायनिंग आणि डॅम्पिंगचं काम १८ वर्षं करतोय, टप उघडलेल्या गाड्या आता मोजत नाही, त्यामुळे जरा सविस्तरच सांगतो.

पहिली गोष्ट, तुमचे प्रॉब्लेम दोन आहेत आणि ते एकच समजू नका. पावसाचा आवाज टपाचा आहे, तो टपाला डॅम्पिंग केल्यावर नक्की कमी होणार. हायवेचं घुमणं टपाचं असेलही आणि नसेलही, बहुतेक वेळा ते टायर, चाकावरची कमान, फ्लोअर आणि दरवाजे यांचं असतं. माझ्याकडे कितीतरी लोक नुसता टप करून घ्यायला येतात आणि त्यांचा खरा त्रास काँक्रीटच्या रस्त्यावरच्या टायरच्या आवाजाचा असतो, त्यांना मी आधीच सांगतो की टपाने तुमचं समाधान होणार नाही. पैसे गेल्याचं दुःख असतंच, पण लायनिंग उगाच एकदा उघडलं जातं हे मला जास्त खुपतं.

मग ओळखायचं कसं? घुमणं सुरू होतं त्या स्पीडला गाडी ठेवा (तुम्ही चालवा, बाजूला कोणीतरी बसवा) आणि बाजूच्या माणसाला दोन्ही तळहात लायनिंगच्या मधोमध वर दाबून धरायला सांगा. हलकंच, जोर लावून नाही. दाबल्यावर घुमणं बदललं किंवा बसलं तर टपाचा पत्रा थरथरतोय. काहीच फरक पडला नाही तर टप सोडून द्या. दुसरी टेस्ट रस्त्याची, काँक्रीटवरून नव्या गुळगुळीत डांबरावर गाडी गेली की आवाज एकदम खाली येतो का बघा, येत असेल तर तो टायरचा आवाज आहे, त्याला टायर आणि खालचं काम लागतं. मुंबई-गोवा हायवेला काँक्रीटचे पट्टे भरपूर आहेत, तुम्हाला ही टेस्ट करायला लांब जायला नको. पावसासाठी पाऊस यायची वाट बघू नका, बागेच्या पाइपने टपावर पाणी मारा आणि आत बसून ऐका.

आता टप का वाजतो ते समजून घ्या, म्हणजे शीट कुठे आणि किती लावायची ते आपोआप कळेल. टपाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो, त्याला खालून आडव्या पट्ट्या असतात ज्यांना आम्ही क्रॉस मेंबर म्हणतो, आणि पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये कंपनी मऊ मसाल्याचे ठिपके टाकते म्हणजे पत्रा पट्टीवर आपटू नये. दोन पट्ट्यांच्या मधला मोकळा पत्रा म्हणजे हलगीचं कातडं. पावसाचा थेंब पडला की तो वाजतो आणि वाजतच राहतो. ब्युटाइल शीट काय करते तर पत्रा आणि वरची अॅल्युमिनियम फॉइल यांच्यामध्ये चिकट रबर अडकवते, पत्रा थरथरला की ते रबर ताणलं जातं आणि थरथर आतल्या आत उष्णता होऊन विरते. थेंब पडल्याचा पहिला आवाज येणारच, मागचं वाजणं बंद होतं. लायनिंग काढल्यावर बोटाच्या पेराने पत्रा ठोकून बघा, टाण्ण करून लांबत जातो. मधोमध एक हातभर शीट चिकटवा आणि पुन्हा ठोका, ढप् आवाज येतो आणि तिथेच संपतो. मी गिऱ्हाइकाला हे स्वतःच्या हाताने ठोकायला लावतो, त्यानंतर जास्त बोलावं लागत नाही.

याच्यावरूनच दुसरी गोष्ट, टपाचा इंच न् इंच शीटने मढवायची काहीही गरज नाही. नुसतं पत्र्याचं वाजणं थांबवायला मोकळ्या भागाचा २५-३० टक्के भाग झाकला तरी भरपूर फरक पडतो, पावसासाठी म्हणून मी ५०-६० टक्के करतो, त्याच्यावर नाही. २ मिलिमीटरची ब्युटाइल शीट चौरस मीटरला तीन ते साडेतीन किलो भरते. वॅगनआर आधीच हलकी आणि उंच गाडी, तिच्या डोक्यावर उगाच वजन वाढवायचं कशाला, आणि शेवटच्या ४० टक्क्यांनी कानाला कळेल असा फरकही पडत नाही. दुकानदार फुल कव्हरेज म्हणून सांगतात कारण शीट विकली जाते.

शीट कुठली याच्यात मात्र तडजोड नको. ब्युटाइलच घ्या, डांबरी नको. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा टप ६०-७० अंशाला सहज जातो, हात टेकवत नाही. डांबर तिथे मऊ होतं, वास सोडतं, आणि टपावर तर ते उलटं लटकलेलं असतं. सुरुवातीच्या काळात मी एका जुन्या गाडीला गच्चीच्या लिकेजसाठी मिळते ती फॉइलवाली डांबरी पट्टी लावली होती, दिसायला अगदी तशीच असते. मे मध्ये ती गाडी परत आली, पट्टी पत्र्यावरून सुटून लायनिंगच्या पाठीवर बसली होती आणि कापडातून काळा डाग खाली उतरला होता. ते लायनिंग मला नवीन कापड लावून द्यावं लागलं, आणि पत्र्यावर राहिलेलं डांबर काढायला दोन दिवस गेले. ओळखायची सोपी खूण सांगतो, शीटचा तुकडा नाकाशी धरा, डांबराचा वास आला की परत करा.

आता एअरबॅग. तुमची २०१९ ची आहे, तिला एअरबॅग फक्त पुढे, छताच्या कडेला कर्टन एअरबॅग नाहीत, म्हणून मी घरी करायला हो म्हणतोय. पण हे वाचून दुसरा कोणी करायला जाईल त्याच्यासाठी सांगतो, २०२५ पासून वॅगनआर, सेलेरिओ, ऑल्टो के१० यांनासुद्धा सहा एअरबॅग यायला लागल्या आणि त्यातल्या दोन टपाच्या कडेने, लायनिंगच्या मागेच गुंडाळून ठेवलेल्या असतात. पिलरच्या (काचांच्या मधल्या खांबांच्या) ट्रिमवर, म्हणजे त्यावरच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर, एसआरएस एअरबॅग असं छापलेलं दिसलं तर ते काम घरी करू नका. तिथली एखादी क्लिप चुकीची बसली किंवा एअरबॅगच्या वाटेत शीट-फोम आला तर अपघातात ती नीट उघडणार नाही, आणि हे कळणार कधी तर अपघात झाल्यावरच. टपात एअरबॅग नसली तरी बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी काढा आणि दहा मिनिटं थांबा, आणि कनेक्टर सुटे असताना इग्निशन ऑन करू नका.

कामाला लागायच्या आधी अजून एक, टपातून पाणी गळतं का बघा. अँटेनाचं बूड आणि टपाच्या दोन्ही बाजूची ती लांब काळी पट्टी, या दोन जागा. लायनिंगच्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा पिवळट डाग असेल तर पाणी येतंय असं समजा आणि आधी ते बंद करा. कोकणात हे जास्त महत्त्वाचं, कारण ओल अडकली की गंज धरतो आणि शीटच्या मागे धरलेला गंज तुम्हाला दिसणारच नाही.

आता खरं काम. लोकांना वाटतं की शीट चिकटवणं अवघड, तसं नाही, अवघड आहे ते लायनिंग न मोडता बाहेर काढणं आणि न मोडता परत बसवणं. लायनिंग म्हणजे नुसतं कापड नव्हे, दाबून आकार दिलेला एक अख्खा हलका बोर्ड असतो आणि त्याला खालून फोमचं कापड चिकटवलेलं असतं. हा बोर्ड एकदा दुमडला की जी घडी पडते ती कधीच जात नाही. इस्त्री करा, मागून पट्टी लावा, उन्हात ठेवा, उजेड तिरका पडला की ती रेघ दिसतेच. म्हणून हे काम एकट्याने करू नका, दोन माणसं लागतातच, एक पुढे एक मागे. मी १८ वर्षांनंतरही एकटा लायनिंग उतरवत नाही.

क्रम असा. सकाळी उन्हं चढल्यावर सुरू करा, थंडीत प्लॅस्टिकच्या क्लिपा कडक होऊन तुटतात. सीट पूर्ण मागे झोपवा, हेडरेस्ट काढा, सीटवर जुनी चादर टाका. मग सन व्हायझर आणि त्यांचे हुक, केबिन लाइट, जितकी असतील तितकी हँडलं. हँडलाचे स्क्रू बहुतेक छोट्या झाकणांच्या मागे असतात, झाकण काढायला स्क्रू ड्रायव्हर वापरायचा झाला तर टोकाला मास्किंग टेप गुंडाळा, शक्यतो प्लॅस्टिकची ट्रिम काढायची पट्टीच घ्या, ती स्वस्त असते. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा आणि स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत नावं घालून ठेवा, डावं-उजवं सकट. दुसऱ्या दिवशी उरलेला स्क्रू कुठला हे कोणालाच आठवत नाही.

त्यानंतर चारही दारांचं आणि डिकीचं रबर बीडिंग वरच्या बाजूने ओढून सोडवा, लायनिंगची कड त्या बीडिंगच्या ओठाखाली असते. मग पिलरच्या ट्रिमा. पुढच्या पिलरची ट्रिम काढताना वरून सुरुवात करा, तळहाताने आपल्याकडे ओढा, क्लिप टक्क करून सुटते. क्लिपा पिलरच्या भोकात पडतात आणि आत गेलेली क्लिप गाडीभर खुळखुळत राहते, तर ओढायच्या आधी त्या फटीत फडकं कोंबा. मधल्या आणि मागच्या पिलरला सीटबेल्टचा वरचा बोल्ट काढावा लागू शकतो. तो बोल्ट बाहेर काढताना वॉशर, स्पेसर कुठल्या क्रमाने होते ते फोटोत धरा. हा बोल्ट म्हणजे माणसाचा जीव आहे. एकदा एक गाडी दुसरीकडे टप करून माझ्याकडे आवाजाची तक्रार घेऊन आली, उघडून बघितलं तर बेल्टचा बोल्ट तिरका घातलेला आणि दोनच आटे धरलेला, खडखड त्याची येत होती. त्या घरातली मुलं त्याच बेल्टवर चार महिने फिरली होती. म्हणून बोल्ट आधी हाताने, बोटांनी फिरवून बसवायचा, पाना नंतर, आणि शेवटचा कस टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराइतकंच घट्ट करता येतं असा पाना), सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढाच. टॉर्क रेंच नसेल तर तेवढ्या कामापुरतं गॅरेजवाल्याकडून करून घ्या, लाजू नका.

सगळं सुटलं की लायनिंग फक्त मागच्या क्लिपांवर उरतं. आता एकाने मागची बाजू धरायची, दुसऱ्याने पुढची, आणि घाई न करता खाली आणायचं. केबिन लाइटची वायर बोर्डाच्या पाठीला चिकटवलेली असते आणि पुढच्या पिलरपाशी तिचा कनेक्टर असतो, तो आधी सोडवा, वायर ओढू नका, कापू तर अजिबात नका. वॅगनआरचं सुख म्हणजे डिकीचं दार उंच आणि रुंद, त्यामुळे बोर्ड थोडा तिरका करून मागूनच बाहेर येतो. सेडानला तो पुढच्या दारातून काढावा लागतो आणि तिथे घडी पडायचा धोका दुप्पट. बाहेर काढला की सपाट पलंगावर, कापडाची बाजू खाली स्वच्छ चादरीवर. भिंतीला टेकवून उभा ठेवू नका, तासाभरात वाकतो. आणि हात धुऊनच धरा, फिकट कापडावर उठलेला ग्रीसचा अंगठा मी आजवर पूर्ण काढू शकलेलो नाही.

पत्रा उघडा झाला की गंज बघा. असेल तर घासून, प्रायमर मारून, सुकवून मग पुढे. नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. पेट्रोल, थिनर नको, आतल्या रंगाला मारतं आणि बंद गाडीत त्याची वाफ धोक्याची. चारही दारं उघडी ठेवूनच काम करा. शीट आधी कागदावर माप घेऊन खाली कापा, दोन पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या भागाच्या मध्यापासून चिकटवायला सुरुवात करा. क्रॉस मेंबरवर शीट लावायची नाही, कडेच्या भोकांवर, वायरीवर, क्लिपच्या जागांवर तर नाहीच. हातमोजे घाला, फॉइलची कापलेली कड ब्लेडसारखी लागते, पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण बोट कापून घेतो.

शीट लावल्यावर रोलर. हेच ते काम जिथे लोक कंटाळतात. फॉइलवर उठावाची नक्षी असते, रोलर फिरवून ती नक्षी पूर्ण सपाट झाली म्हणजे शीट धरली, नक्षी दिसतेय तोपर्यंत खाली हवा आहे. फुगा राहिला तर कटरच्या टोकाने बारीक चीर देऊन दाबा. पण जपून, पत्रा पातळ आहे, वर बघत हात दुखायला लागला की माणूस रेटा लावतो आणि बाहेरून टपावर लाट दिसते. रोलर मध्यम जोराने, जास्त वेळा. पत्रा कोमट असला की ब्युटाइल पटकन धरतं, म्हणून गाडी कामाच्या आधी तासभर उन्हात उभी करा, मग सावलीत घ्या. हीट गन लागत नाही, आणि वरच्या रंगाचा विचार करता मी टपाला ती वापरतच नाही.

पावसासाठी एवढं पुरतं. उन्हाचा ताप पण कमी हवा असेल तर शीटवर ५-६ मिलिमीटरचा बंद पेशींचा फोम लावा, नायट्राइल किंवा क्रॉसलिंक पॉलिथिन, जो पाणी पीत नाही असा. सोफ्याचा स्पंज, तागाचा किंवा कापसाचा नमदा कोणी स्वस्तात देईल, घेऊ नका. पहाटे टपाच्या आतल्या बाजूला दव धरतं, ते हा माल शोषतो आणि धरून ठेवतो, चिपळूणच्या हवेत तर तो वाळायलाच तयार होणार नाही. फोमच्या जाडीची मात्र खात्री करून घ्या, लायनिंग आणि पत्रा यांच्यात जागा सगळीकडे सारखी नसते. मी पोरांच्या खेळण्यातल्या क्लेच्या चार-पाच गोळ्या बोर्डाच्या पाठीवर वेगवेगळ्या जागी ठेवतो, लायनिंग तात्पुरतं वर दाबून धरतो, खाली घेतो आणि दबलेल्या गोळीची जाडी मोजतो. जाडी निघेल त्यातून शीटचे २ मिलिमीटर वजा करा, उरेल त्याच्यापेक्षा एक मिलिमीटर कमीच फोम घ्यायचा. जास्त जाड घातला तर क्लिपा बसत नाहीत, बसल्या तरी चार दिवसांनी खड्ड्यात सुटतात आणि लायनिंग मधूनच खाली येतं.

बसवताना उलटा क्रम, पण क्लिपा दाबायच्या आधी केबिन लाइटचा कनेक्टर लावून, बॅटरी जोडून लाइट पेटतो का बघून घ्या, मग टर्मिनल पुन्हा काढा. बीडिंगचा ओठ लायनिंगच्या कडेवर सगळीकडे आलाय ना हे बोट फिरवून तपासा. बेल्ट बसवल्यावर प्रत्येक बेल्ट झटका देऊन ओढा, अडकला पाहिजे. आणि कापड आधीच लोंबत असेल, फोमचा भुगा पडत असेल तर आत्ताच नवीन कापड लावून घ्या, लायनिंग पुन्हा काढायची वेळ येऊ नये. त्याला उष्णता सोसणारं सोल्यूशन लागतं, साधं सोल्यूशन उन्हाळ्यात सोडतं.

वेळेचं म्हणाल तर मी आणि माझा मदतनीस चार-पाच तासांत गाडी उरकतो, तुम्ही पहिल्यांदा करताय तर अख्खा दिवस धरा आणि अर्धवट राहिलं तर गाडी आडोशाला ठेवता येईल अशी सोय बघा. जूनच्या आधी करा, दमट हवेत पत्रा पुसला तरी ओलसर राहतो.

आता घरी का दुकानात. हात कामाचा असेल, सोबतीला धीराचा माणूस असेल आणि घाई नसेल तर घरी करा, दुकानापेक्षा चांगलं होईल, कारण रोलर तुम्ही जास्त वेळ फिरवाल. या तिन्हींतलं एक जरी नसेल तर निदान लायनिंग काढणं-बसवणं दुकानात करून घ्या आणि शीट कुठे-किती लागते ते समोर उभं राहून बघा. सनरूफ किंवा टपात एसीचे व्हेंट असलेली गाडी असेल तर मी घरी करू नका असंच सांगेन, पाण्याच्या नळ्या आणि डक्ट सुटले की ते काम वेगळ्याच वळणावर जातं.

अपेक्षा काय ठेवावी तेही सांगतो. कोकणातला पाऊस ऐकूच येणार नाही असं होणार नाही, काचेवर, बॉनेटवर तो पडतच असतो आणि तो आवाज राहतो. टपावरचा डबा वाजवल्यासारखा कडकडाट जाईल, त्या जागी भरीव, दबका आवाज येईल आणि आईशी मान मागे न वळवता बोलता येईल. टप शांत झाल्यावर आधी न ऐकलेली एखादी खरखर डॅशबोर्डमधून किंवा मागच्या ट्रेमधून ऐकू येईल, ती नवीन नसते, आत्तापर्यंत दबलेली असते. हायवेचं घुमणं टपाच्या टेस्टमध्ये बदललं नसेल तर त्यासाठी पुढच्या वर्षी टायर बदलताना चाकाच्या कमानी आणि दरवाजे यांचा विचार करू, आत्ता त्याच्यावर खर्च करू नका.

काम झाल्यावर पहिला मोठा पाऊस झाला की गाडी थांबवून चारही कोपऱ्यांत लायनिंगला हात लावून बघा, आणि पिलरच्या ट्रिमच्या वरच्या फटीत टिश्यू पेपरची घडी सारून काढा. कोरडी निघाली तर बीडिंग बरोबर बसलंय. ओली निघाली तर त्याच बाजूचं बीडिंग वरून सोडवून पुन्हा बसवा, बहुतेक वेळा ओठ एखाद्या वितीभर जागेत आत दुमडलेला असतो.